म्हाळू पद्धत शोधतो

एका गावात एक भोळा बाप राहत होता. गावाचं नाव सांगत नाही. गाव अजून जागेवर आहे आणि तिथल्या लोकांना राग लवकर येतो.

बापाचं नाव म्हाळू. धंदा घोंगड्या विणायचा. मागावर बसला की त्याचा हात असा चाले की बघणाऱ्याची चहाची वेळ टळून जाई. पण मागावरून उठला की पंचाईत. त्याला जेवढं सांगावं तेवढंच तो करी, आणि मन लावून करी. एकदा बायको म्हणाली, "शेळ्या आत शिरत्यात, दार लावून घ्या." त्यानं लावून घेतलं. बायको बाहेर होती. ती दुपारभर बाहेरच राहिली. दार उघडा असं तिनं आधी सांगितलं नव्हतं, आणि मागाहून ती जे ओरडत होती त्यात तो शब्द नव्हता.

बायकोचं नाव ठकू. ती दुसरीत असताना तिची शाळा सुटली होती, कारण घरी लोकर पिंजायला हात कमी पडत होते. त्यानंतर तिनं आयुष्यात बरंच काही सोसलं आणि विसरली, पण ही एक गोष्ट ती विसरली नव्हती. त्यांना एकच मुलगी, मथी. वय नऊ. मथीला पाचवीत जायचं होतं, कारण पाचवीच्या वर्गात भिंतीएवढा नकाशा आहे असं तिनं ऐकलं होतं.

आता झालं असं, की गावची शाळा चौथीपर्यंतची आणि तिचा पट आला पाचावर. वरून कागद आला, शाळा बंद. शेटे गुरुजींची बदली डोंगरापलीकडच्या मोठ्या शाळेत झाली. ती शाळा पाचवीपासून पुढची. कुलूप लावून निघताना गुरुजी म्हाळूच्या दारात थांबले.

"म्हाळबा, मथी हुशार आहे. तिचं चौथीचं वर्ष घरीच करून घ्या. शिमगा झाला की मी परीक्षा घेतो. पास झाली तर पाचवीत घेतो."

"आन् नापास झाली तर?"

"तर चौथीची शाळा तालुक्याला. तिथं एवढ्या पोरीच्या राहण्याची सोय नाही. मग तिची शाळा संपली म्हणा."

ठकू आत पीठ चाळत होती. तिचे हात थांबले.

"घरी कसं शिकवायचं असतंय, गुरुजी?" म्हाळूनं विचारलं.

"प्रत्येक घराची पद्धत निराळी असते. तुमच्या घराला जुळेल अशी शोधा. चार जणांना विचारा."

"चार?"

"हो, चार."

म्हाळूनं चार बोटं दुमडून ठेवली. गुरुजी डोंगर चढून गेले तरी त्यानं ती उघडली नाहीत.

ठकू बाहेर आली. "मी सांगते की. सकाळचं तासभर मागापाशी बसवू, येता-जाता..."

"तू थांब," म्हाळू म्हणाला. "तू पाचवी. आधी चौघं हुऊ देत."

पहिला भेटला पाटलांचा पुण्याचा जावई. जत्रेला आला होता. त्याला अजून मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मुलं कशी वाढवावीत याबद्दल त्याची मतं अगदी पक्की होती.

"शिकवायचंच नाही, काका!" जावई म्हणाला. "मूल आपलं आपण शिकतं. आपण नुसतं त्याच्या मागे राहायचं. ते जाईल तिकडे जायचं. मध्ये एक शब्द बोलायचा नाही."

"एकपण न्हाई?"

"एकही नाही."

म्हाळू खूश झाला. माग बंद करून तो मथीच्या मागं निघाला. मथी चिंचेखाली गेली. म्हाळू तीन पावलं मागं. मथी विहिरीवर गेली. म्हाळू तीन पावलं मागं. मथी शेजारच्या दगडू कुंभाराच्या अंगणात गेली. दगडूची मुलगी चंदा तिची मैत्रीण. चंदा दोन वर्षांनी मोठी, डोंगर ओलांडून मोठ्या शाळेत सहावीला जायची. दोघींनी लपंडाव मांडला. मथी गवताच्या गंजीमागं लपली. म्हाळू गंजीशेजारी ताठ उभा राहिला. मथी रांजणाआड लपली. म्हाळू रांजणाशेजारी उभा राहिला. चंदाला दर वेळी मथी सापडली. तिला शोधावंही लागलं नाही.

"आबा, घरी जावा की," मथी रडकुंडीला येऊन म्हणाली.

म्हाळू बोलला नाही. नियम होता.

तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी गावातली सगळी पोरं म्हाळूच्या मागं तीन पावलांवर चालू लागली आणि ठकूनं कपाळावर हात मारला. "अवो, पोरीच्या मागं मागं फिरून ती काय शिकणार? एका जागी बसवा. येळच्या येळी शिकवा."

म्हाळूला पटलं. पण ठकू पाचवी. म्हणून तो वेळ म्हणजे काय हे विचारायला निवृत्त हवालदारांकडे गेला. हा दुसरा.

हवालदार सकाळी मिशीला सुद्धा घड्याळ बघून पीळ द्यायचे. त्यांनी लाल शाईनं वेळापत्रक लिहून दिलं. "अर्धा तास गणित, अर्धा तास भाषा, अर्धा तास परिसर. घंटा झाली की विषय बदललाच पाहिजे. अर्धं राहिलं तर राहिलं. शिस्त म्हणजे शिस्त!"

म्हाळूनं भिंतीत भला थोरला खिळा ठोकला. त्याला मेंढीच्या गळ्यातली जुनी घंटा टांगली. मथीला पाटावर बसवलं. सगळं छान चाललं होतं. पण दगडूच्या शेळीच्या गळ्यातही घंटा होती, आणि त्या शेळीला म्हाळूच्या दाराच्या चौकटीला मान घासायची सवय होती.

"सात आठे..." मथी म्हणाली. शेळीनं मान घासली.

"घंटा झाली. भाषा," म्हाळू म्हणाला.

"म्हणून हे मुलांनो..." शेळीनं मान घासली.

"परिसर."

"नर्मदा नदीचा उगम..." शेळीला त्या दिवशी खाज फार होती.

"गणित. भाषा. गणित. परिसर. भाषा. गणित."

ठकू भाकरी उलटत होती. घंटा झाली. म्हाळूनं तवा चुलीवरून खाली घेतला. "भाकरीचा तास संपला," तो म्हणाला. रात्री सगळ्यांनी एका बाजूनं भाजलेली भाकरी खाल्ली. जेवताना ठकूनं मथीला विचारलं, आज काय शिकलीस?

"नर्मदा नदीचा उगम सात आठे छप्पन, म्हणून हे मुलांनो, पाणी उकळून प्यावं," मथी एका दमात म्हणाली.

ठकूनं हातातली भाकरी खाली ठेवली. "अवो, घंटेकडं काय बघताय? पोरीच्या तोंडाकडं बघा! तिला कळलंय का ते बघा. कळल्याबिगर पुढं जायचं न्हाई."

"कळल्याबिगर पुढं जायचं न्हाई," म्हाळूनं मनाशी घोळवलं. वाक्य चांगलं होतं. मथीचा गुणाकार चांगला दोन दिवस त्यावर सुधारला सुद्धा. पण तिसऱ्या दिवशी हवालदारांच्या मुलीचं लग्न होतं.

मुहूर्त बारा वाजून सतरा मिनिटांचा. हवालदार हातात घड्याळ धरून उभे. मधे अंतरपाट. एका बाजूला नवरी, एका बाजूला नवरा, आणि वामनभटजींनी सुरेल आवाजात मंगलाष्टक धरलेलं. पहिलं कडवं झालं. लोकांनी अक्षता टाकल्या. म्हाळूनं टाकल्या नाहीत. तो पुढं आला आणि त्यानं हात वर केला.

"थांबा," तो म्हणाला.

मांडव गार झाला. नवरीच्या मामाच्या हातून अंतरपाट सुटता सुटता राहिला. लग्नात कोणी थांबा म्हटलं की लोकांच्या मनात भलभलतं येतं.

"काय झालं?" हवालदार ओरडले.

"मला कळलं न्हाई," म्हाळू म्हणाला. "आत्ता म्हणला त्येचा अर्थ काय? कळल्याबिगर पुढं जायचं नसतंय."

भटजी म्हणाले, "अर्थ... म्हणजे अर्थ असा की... मंगल होवो."

"कुणाचं?"

"सगळ्यांचं."

"आन् त्ये मधलं लांब हाय त्ये?"

भटजींनी ते मधलं लांब पुन्हा म्हणून पाहिलं. त्यांना घाम फुटला. पस्तीस वर्षं ते हे म्हणत आले होते आणि पस्तीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. शेवटी मामानं म्हाळूला उचलून मांडवाबाहेर ठेवलं, पण तोवर घड्याळात बारा एकवीस झाले होते. हवालदारांच्या घरात पहिल्यांदाच काहीतरी चार मिनिटं उशिरा झालं. ते त्यांनी आजतागायत कोणाला माफ केलेलं नाही. नवरा-नवरी सुखात आहेत, ते सोडा.

वामनभटजी जेवणसुद्धा न करता मांडवाबाहेर आले. हे म्हाळूचे तिसरे.

"मूर्खा," ते म्हणाले, "सगळं कळायलाच हवं असं कोणी सांगितलं तुला? आधी पाठ करायचं! एकवीस वेळा म्हणायचं, सुरात म्हणायचं. अर्थ मागाहून कळतो!"

"कधी?"

"कळतो कधीतरी," भटजी म्हणाले, आणि का कोण जाणे, जरा खाली बघून म्हणाले.

म्हाळूनं हेही मनावर घेतलं. मथीचं पाठांतर सुरू झालं. प्रत्येक ओळ एकवीस वेळा, सुरात. मथीचा घसा बसला. ठकूनं गरम पाण्यात मीठ घालून दिलं आणि गप्प बसली, कारण अजून एक माणूस विचारायचा शिल्लक होता हे तिला ठाऊक होतं.

एका दुपारी ठकूनं कुंपणापलीकडे बघितलं. दगडू कुंभारानं मडक्यांची भट्टी लावली होती, वारा सुटला होता, आणि ठिणग्या उडून त्याच्या गवताच्या गंजीवर पडत होत्या. दगडू घरात झोपला होता. ठकूनं घागर उचलली आणि म्हाळूला ओरडून सांगितलं, "पळा, दगडू भावजींना सांगा, गंजीवर ठिणग्या उडत्यात, पाणी घिऊन या म्हणावं!"

म्हाळू पळाला. दगडूच्या दारात उभा राहिला. डोळे मिटले. आणि त्यानं पाठ करायला सुरुवात केली.

"गंजीवर ठिणग्या उडत्यात, पाणी घिऊन या." एकदा. "गंजीवर ठिणग्या उडत्यात, पाणी घिऊन या." दोनदा. चाल चांगली लागली होती. आत दगडूला झोपेत वाटलं, कुठं तरी भजन चाललंय. तो कुशीवर वळला.

अकराव्या वेळेला धूर आत गेला आणि दगडू खोकत बाहेर आला. "काय झालं रं?"

म्हाळूनं हातानं त्याला थांबवलं. बारा, तेरा, चौदा.

"कुठली गंजी? काय म्हणतोस?"

"त्ये मागनं कळतंय," म्हाळू म्हणाला, आणि पंधराव्याला लागला.

अर्धी गंजी गेली. बाकीची ठकूनं आणि मथीनं घागरींनी वाचवली. दगडू मुळात रागीट माणूस नव्हता. मातीत राहून माणूस मऊ होतो. तो एवढंच म्हणाला, "म्हाळू, नुसतं तोंडानं म्हणून काय हुतंय गड्या. हातानं करावं लागतंय."

हेच पुढं अंगणवाडीच्या शेवंताताईंनीही सांगितलं. त्या चौथ्या. त्यांची स्वतःची दोन्ही मुलं शहरात, बसनं नेणाऱ्या-आणणाऱ्या शाळेत होती, पण ट्रेनिंग त्यांचं चांगलं झालेलं होतं. "हातानं करू द्या तिला," ताई म्हणाल्या. "चुकली तरी टोकू नका. मानसुद्धा हलवू नका. चूक तिची तिलाच कळते."

आता ऐका. या वेळी खरोखरच बरं झालं.

म्हाळूनं मथीला मागावर बसवलं आणि तोंडावर बोट ठेवून बाजूला बसला. मथीनं आठ-आठ धाग्यांची जुडगी मांडली. सात जुडगी झाली. काठ वाकडा गेला. म्हाळू बोलला नाही. मथीनं उसवलं, परत मोजलं, एक धागा कमी निघाला, तो घातला, काठ सरळ आला. आठवड्याभरात तिला आठाचा, बाराचा, सोळाचा पाढा बोटांत आला. धाग्याला लावायच्या खळीसाठी आणलेले चिंचोके वर्तमानपत्राच्या पुड्यांत असायचे. मथी ते कागद उलगडून वाचायची. कुठल्या गावाला पूर आला, कुठं मंत्री आले, कुठं म्हैस हरवली, सगळं ती लोकर पिंजणाऱ्या आईला वाचून दाखवायची. ठकू ऐकत राहायची. एकदा ऐकता ऐकता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मथीला वाटलं, म्हशीसाठी आलं.

पण घंटा वाजली नव्हती, सूर लागला नव्हता आणि कोणाच्या मागं कोणी फिरलं नव्हतं. त्यामुळे हे शिक्षण आहे हे म्हाळूच्या लक्षातच आलं नाही. त्याला वाटलं, पोर खेळतेय.

परीक्षेला आठ दिवस उरले तेव्हा शेटे गुरुजी चौकशीला निघाले. डोंगर उतरले आणि फाट्यावर आले. उजवीकडची वाट गावात येते. डावीकडची दगडू कुंभाराच्या मातीच्या खड्ड्यात जाते. दगडू तिथं माती भिजत घालतो आणि वरून पालापाचोळा पसरतो. गुरुजी गप्पांच्या नादात डावीकडे वळले. गप्पा ते म्हाळूशीच मारत होते. म्हाळू त्यांना फाट्यावर भेटला होता.

"हीच ना वाट, म्हाळबा?"

म्हाळूला शेवंताताई आठवल्या. त्यानं तोंडावर बोट ठेवलं.

"जरा ओल आहे नाही इथं?"

म्हाळूनं मानसुद्धा हलवली नाही.

पुढच्या पावलाला गुरुजी कमरेपर्यंत आत गेले.

"चूक ज्येची त्येला कळती," म्हाळू कौतुकानं म्हणाला. "कळली न्हवं, गुरुजी?"

दगडूनं आणि चार माणसांनी दोर लावून गुरुजींना वर काढलं. एक वहाण तिथंच राहिली. गुरुजी कमरेपर्यंत मातीनं माखले होते. आतापर्यंतच्या सगळ्या पद्धती म्हाळूनं त्यांना तिथंच काठावर सांगितल्या. पुण्याचा जावई, घंटा, मुहूर्त, गंजी. गुरुजींनी दोन्ही हात जोडले.

"म्हाळबा, पुरे झालं! आठ दिवस राहिलेत. आता एक पद्धत धरा आणि काही झालं तरी ती बदलू नका. जुळत नसेल तेवढं बदला. पण पद्धत नको!"

एवढं बोलून ते एका वहाणेनं डोंगर चढून गेले. मथीला त्यांनी त्या दिवशी पाहिलंच नाही.

म्हाळू विचारात पडला. कोणती धरावी? मग त्याला भिंतीतला खिळा दिसला. जावयाच्या पद्धतीला खिळा नव्हता. भटजींच्या नव्हता. खिळा एकाच पद्धतीचा होता आणि तो ठोकून झाला होता. म्हाळूनं घंटेची पद्धत धरली.

मथी तिला जुळेना. घंटा झाली की म्हणायची, "थांबा आबा, दोन धागे ऱ्हायल्यात." पाटावर बसवलं की मागाकडं बघायची. म्हाळूनं चार दिवस पाहिलं. तो विणकर होता. मागावर धागा बसत नसेल तर माग मोडत नाहीत, धागा काढून दुसरा घालतात, हे त्याला वयाच्या सहाव्या वर्षापासून ठाऊक होतं.

तो दगडूकडं गेला. "चंदा शाळेतनं आली की चार दिवस आमच्याकडं बसू दे. मथीला तुझ्याकडं घे."

दगडूला वाटलं, पोरी एकमेकींच्यात अभ्यास करतील. तो हो म्हणाला. ठकूलाही तसंच वाटलं. चंदा आली आणि पाटावर बसली. घंटा झाली की तिनं वही बदलली. परत झाली, परत बदलली. शेळीकडं बघितलं सुद्धा नाही. पाठ विचारलं तर सुरात म्हणाली. म्हाळूचा जीव भांड्यात पडला. पद्धत जुळली होती.

परीक्षेच्या दिवशी सकाळी ठकूनं मथीची वेणी घातली, लाल रिबिन बांधली आणि भिजलेली लोकर धुवायला ओढ्यावर निघाली. जाताना म्हणाली, "धा वाजता परीक्षा हाय. पोरीला घिऊन येळेवर निघा."

म्हाळू वेळेवर निघाला. दारात मथी पाटी-दप्तर घेऊन उभी होती. कुंपणापाशी चंदा उभी होती. म्हाळूनं चंदाचा हात धरला.

"आबा, आन् मी?" मथीनं विचारलं.

म्हाळूनं तिच्या डोक्यावरून मायेनं हात फिरवला. तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. "तू जुळत न्हाईस, बाळा," तो म्हणाला आणि डोंगराकडं लागला.

मथी गूळ टाकून ओढ्याकडं धावत सुटली.

इकडे शाळेत आधी आलेल्या पोरांची परीक्षा उरकून गुरुजींनी चंदाकडे पाहिलं. चष्मा पुसला. परत पाहिलं.

"म्हाळबा, ही दगडूची चंदा. ही आमच्याच शाळेत सहावीला आहे!"

"म्हणून तर निवडली," म्हाळू म्हणाला.

"आणि मथी?"

"ती जुळत नव्हती, गुरुजी. बदलली. तुमीच म्हणला, पद्धत बदलू नका, जुळत नसंल त्येवढं बदला. ही बघा, कशी बसती. घंटा वाजवून बघता का?"

गुरुजींनी घाईनं वर बघितलं. घड्याळात पावणेअकरा झाले होते. अकरानंतर परीक्षा घेता येणार नव्हती, कारण अकराला सगळे कागद गोळा करून तालुक्याचा माणूस निघायचा होता. गुरुजी दारापर्यंत जाऊन डोंगराच्या वाटेकडे पाहून आले. वाट रिकामी होती. मुलगी आता गेलीच, असं त्यांना वाटलं आणि ते म्हाळूवर ओरडायलाही विसरले.

तेवढ्यात ठकू आली. पायात काही नाही, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, हाताला लोकर चिकटलेली, आणि त्या हातात मथीचा हात. दोघींना धाप लागलेली. गुरुजींनी काही विचारलं नाही. मथीसमोर कागद ठेवला.

एका रांगेत आठ झाडं, अशा सात रांगा, तर एकूण झाडं किती? मथीनं मांडीवर बोटं हलवली. मागावर हलवावीत तशी. छप्पन. पाच ओळी वाचून उत्तरं लिहा. हरवलेल्या म्हशीपुढं त्या पाच ओळी काहीच नव्हत्या. अकराला दोन मिनिटं कमी असताना तिनं कागद दिला. गुरुजींनी तिथंच उभ्यानं तपासला.

"पास," ते म्हणाले. "चांगली पास."

ठकू भिंतीला टेकून खाली बसली आणि मोठमोठ्यानं रडली. पुढच्या वर्गातली पोरं खिडकीत गोळा झाली. तिला त्याचं काही वाटलं नाही.

मग गुरुजी म्हाळूकडं वळले. या वेळी त्यांनी शब्द निवडून वापरले. "म्हाळबा, नीट ऐका. पद्धत मुलीसाठी असते, मुलगी पद्धतीसाठी नसते. मुलगी कधीही बदलायची नाही. समजलं? तिच्या शिकण्याच्या आड जे जे येतंय ते घराबाहेर काढा. आणि सोमवारी प्रवेश आहे. सोमवारी मुलीबरोबर बाप हजर पाहिजे."

"समजलं," म्हाळू म्हणाला. आणि या वेळी त्याला खरंच समजलं होतं. तोच तर घोटाळा झाला.

दोन दिवस म्हाळू घरभर शोधत होता. वेळापत्रक फाडून चुलीत घातलं. घंटा काढून दगडूला त्याच्या शेळीसाठी देऊन टाकली. खिळा उपटला. भिंतीला भोक पडलं, ते लिंपलं. ठकू समाधानानं बघत होती. बारा वर्षांच्या संसारात नवऱ्याला पहिल्यांदा काहीतरी उमजलं, असं तिला वाटलं. रविवारी तो बराच वेळ घराच्या मधोमध उभा राहिला. चारी बाजूंना बघत होता. मग हळूहळू त्यानं स्वतःकडं पाहिलं.

सोमवारी सकाळी तो ठकूला म्हणाला, "तू मथीला घिऊन पुढं हो. बाप मागनं येतोय."

ठकू आणि मथी शाळेत पोचल्या. गुरुजींनी प्रवेशाचं मोठं पुस्तक उघडलं. मथीचं नाव लिहिलं. मग ते पेन हातात धरून म्हाळूची वाट बघत बसले.

दारात दगडू कुंभार आला. स्वच्छ धोतर, नवा पटका, हातातली माती घासून घासून काढलेली.

"दगडूभावजी, तुमी?" ठकू म्हणाली.

"म्हाळूनं पाठवलं," दगडू म्हणाला. तो पार गोंधळलेला होता. "म्हणला, मथीचा बाप म्हणून आजपास्नं तू हुबा ऱ्हा. मला वाटलं, आजारी-बिजारी हाय. पर तो तर वळकटी घिऊन माझ्याच घरी आलाय. चाकावर बसलाय."

"का?" गुरुजींनी विचारलं. उत्तर ऐकायला ते पेन खाली ठेवून तयार झाले.

"म्हणला, गुरुजींनी सांगितलंय, पोरीच्या शिकण्याच्या आड येतंय त्ये घराबाहेर काढा. समदं काढलं म्हणला. घंटा काढली, खिळा काढला. तरी एक ऱ्हायलं हुतं." दगडूनं पटका सारखा केला. "आन् सोमवारी बाप तर पायजे म्हणला. म्हणून ह्यो जुळणारा पाठवलाय."

मथी भिंतीवरच्या नकाशाकडं बघत होती, पण तिला आता तो दिसत नव्हता.

"इकडं आणा ते पुस्तक," ठकू म्हणाली. "आईची सही चालती का?"

"चालते," गुरुजी म्हणाले. "मी आपलं सवयीनं बाप म्हटलं."

ठकूनं पेन मुठीत धरलं. दुसरीपर्यंतची अक्षरं एकेक करून आठवली आणि एकेक करून लिहिली. सहीला चार मिनिटं लागली. कोणी घाई केली नाही. मग ती मथीला वर्गात बसवून डोंगर उतरली आणि तडक कुंभाराच्या अंगणात गेली.

म्हाळू चाकावर बसला होता. समोर एक मडकं होतं, त्याला बूड नव्हतं. शेजारी वळकटी.

"झाला परवेश?" त्यानं विचारलं.

"झाला."

"बाप पसंत पडला का गुरुजींना?"

ठकूनं त्याच्याकडं पाहिलं. रागावून आली होती, पण म्हाळूचे डोळे लाल होते. चाकाच्या मातीनं डोळे लाल होत नाहीत हे तिला कळत होतं.

"चला घरी," ती म्हणाली.

"कसा येऊ? मी जुळत न्हाई."

"न्हाईच जुळत," ठकू म्हणाली. "वळकटी उचला."

म्हाळूनं डोळे पुसले. माती तोंडभर झाली. ठकू पुढं झाली आणि चालू लागली. आपल्या दारापर्यंत आली, उंबरा ओलांडला आणि मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं. ती परत कुंपणापाशी आली.

कुंभाराच्या अंगणात म्हाळू डोक्यावर वळकटी घेऊन जिथल्या तिथं उभा होता.

"आता काय झालं?" ठकू ओरडली.

"उचलली की," म्हाळू म्हणाला.